गच्चीवर दोन पेट्या, शेतात दोन पेट्या: सातेरी पाळायचं पहिलं दीड वर्ष

पुण्यात सिंहगड रोडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आणि पुरंदर तालुक्यात सासरच्या शेतात दोन पेट्या, असं मी २०२२ च्या पावसाळ्यानंतर सुरू केलं. त्याआधी ज्याला ज्याला विचारलं की माश्यांना शहर मानवतं का गाव, त्याने ठाम उत्तर दिलं आणि प्रत्येकाचं वेगळं. शहरात धूर, गाड्या, सिमेंट, तिथे कशाला त्या बिचाऱ्यांना ठेवता, असं निम्म्या लोकांचं म्हणणं, आणि शेतकरी मात्र म्हणायचे अहो ताई शेतात ठेवाल तर फवारणीने आठवड्यात मोकळी पेटी हातात येईल. म्हणून दोन्हीकडे ठेवायचं ठरवलं. आता दोन हंगाम झालेत, तर जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते, कारण सुरुवातीला मला मराठीत असं सलग कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

पहिलं काम प्रशिक्षण. पुण्यात गणेशखिंडला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, खादी आयोगाची, १९६२ पासूनची. तिथे छोटे कोर्स होतात. ऑगस्टमध्ये फोन करून नाव दिलं, सप्टेंबरमध्ये बॅच मिळाली. आधार, फोटो, फॉर्म एवढंच लागलं आणि फी माझ्या अंदाजापेक्षा बरीच कमी होती. ऑफिसमधून आठवडाभर सुट्टी घेतली. बॅचमध्ये निम्मे शेतकरी, दोन-तीन बचत गटाच्या बायका, एक रिटायर्ड बँकवाले काका आणि मी. पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा हात थरथरत होते हे खरं आहे, पण सरांनी एक सांगितलं ते फार उपयोगी पडलं, की माशी चावेल का हा विचार सोडा आणि चौकटीवर, म्हणजे पोळं बांधलेल्या लाकडी फ्रेमवर, काय दिसतंय ते मोठ्याने बोलत जा. अंडी आहेत, अळ्या आहेत, बंद कोष आहेत, परागाचा पट्टा आहे, वर मध आहे. बोलत राहिलं की हात आपोआप सावकाश चालतो. मी अजूनही पेटी उघडली की पुटपुटतेच.

तिथेच कळलं की आपल्याकडे पेटीत पाळता येणाऱ्या मुख्य दोन, सातेरी आणि मेलीफेरा. मेलीफेरा परदेशी, मध भरपूर देते, पण तिला फुलोराही तेवढाच भरपूर लागतो आणि पेट्या ट्रकने फुलांच्या मागे फिरवाव्या लागतात. सातेरी इथलीच. थोडक्यात भागवते, एक-दीड किलोमीटरच्या आतबाहेर फिरते आणि व्हरोआ नावाचा जो कोळी मेलीफेराची वाट लावतो तो मुळात सातेरीवरचाच, त्यामुळे तिला त्याच्यासोबत जगता येतं, एकमेकींच्या अंगावरून त्या तो काढून टाकतात. तिची अडचण वेगळी आहे. खायला कमी झालं, ऊन वाढलं, मुंग्या लागल्या की ती सरळ घर सोडून निघून जाते. आणि दुसरं म्हणजे थाई सॅकब्रूड हा विषाणू. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात या रोगाने सातेरीच्या बहुतेक वसाहती, म्हणजे एकेका राणीची अख्खी कुटुंबं, संपवल्या होत्या, त्याच्यावर औषध नाही. अळी कोषात जायच्या आधीच मरते आणि चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीगत लोंबते. सरांनी सांगितलं की वसाहत मजबूत असेल तर बऱ्याचदा तगून जाते, उपाशी असेल तर नाही. आरोग्य म्हणजे आधी पोट, हे तिथे डोक्यात पक्कं बसलं.

मग सोसायटी. हा टप्पा सगळ्यात लांबला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सेक्रेटरी काकांकडे लेखी अर्ज दिला, त्यांनी कमिटीपुढे ठेवला, कमिटीने सर्वसाधारण सभेत ठेवा म्हणून सांगितलं, सभा दिवाळीमुळे पुढे गेली आणि ठराव हातात पडायला नोव्हेंबरचा शेवट आला. विरोध होणार हे धरूनच चालले होते. आदल्याच उन्हाळ्यात बाजूच्या विंगच्या छज्जाला आग्या मोहोळ लागलं होतं आणि पेस्ट कंट्रोलवाल्याने दिवसाढवळ्या औषध मारल्यावर पार्किंगमध्ये दोन मुलांना चावे बसले होते, त्यामुळे मधमाशी म्हटलं की लोकांना तेच आठवायचं. सभेत मी आग्या आणि सातेरीचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले, आकारात केवढा फरक आहे ते. एका काकूंनी विचारलं की रात्री आमच्या ट्यूबलाइटवर माश्या येतात त्या तुझ्या असतील का पुढे. आग्या चांदण्या रात्रीसुद्धा उडते आणि दिव्याकडे ओढली जाते, सातेरी सहसा अंधार पडला की घरात असते. हे आधी माहीत असणं महत्त्वाचं, कारण पुढे खरंच तीन-चार वेळा अशी तक्रार आली आणि दर वेळी खाली पडलेली माशी उचलून दाखवली तर ती आग्याच निघाली.

ठरावात अटी घातल्या त्या तुमच्याही कामाच्या आहेत, आपणहून अर्जातच लिहिल्या तर लवकर होतं. पेट्या पाण्याच्या टाकीच्या मागच्या बाजूला, दार भिंतीच्या दिशेने नको आणि जिन्याच्या दिशेने तर नकोच. समोर पुरुषभर उंचीची हिरवी जाळी, म्हणजे माशी निघतानाच वर चढते आणि माणसांच्या डोक्यावरून जाते. गच्चीवर पाण्याची सोय कायम. कुणाला मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी आहे का याची चौकशी, आणि असेल तर त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घेणं. आणि डासांच्या धुरळणीच्या आदल्या दिवशी मला फोन. ही शेवटची अट मी स्वतः मागून घेतली.

वसाहती वेल्ह्याकडच्या एका मधपाळ दादांकडून घेतल्या. आठ चौकटींची लाकडी पेटी, लोखंडी स्टँड आणि आत वसाहत असं मिळून एकेक साडेचार हजारांच्या आसपास पडली. चारही पेट्या रात्री आणल्या. अंधार पडल्यावर सगळ्या माश्या आत आल्या की दाराला जाळी लावायची, गाडीत चौकटी प्रवासाच्या दिशेने ठेवायच्या म्हणजे ब्रेक मारला तरी एकमेकींवर आपटत नाहीत, पहाटे जागेवर ठेवून जाळी काढायची. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. एवढं केलं की झालं. डिसेंबर २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात दोन पेट्या पुण्यात, दोन गावी.

गावाकडचे दोन महिने बघून तर मला वाटलं होतं निकाल लागला. भावजींच्या शेताला लागून तात्यांचा कांदा बियाण्याचा प्लॉट, पलीकडे ज्वारी निसवलेली आणि आमच्या डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरलेला. ज्वारीत मध नसतो पण पराग मिळतो, आणि परागावरच अळ्या वाढतात. जानेवारीत सकाळी आठला पेटीच्या दारासमोर बसलं की मागच्या पायांवर फिक्या पिवळ्या गोळ्या घेऊन येणाऱ्या माश्यांची रांग लागलेली असायची. राणीने जवळजवळ प्रत्येक चौकटीत अंडी घातली होती. पुण्यात त्या मानाने सगळं संथ होतं. पण एक वेगळेपण लगेच दिसायचं, पायांवरच्या गोळ्यांचे रंग. एकाच सकाळी पांढरट, गर्द केशरी, राखाडी, हिरवट. आसपासच्या बंगल्यांच्या बागा, कंपाउंडवरची आइसक्रीम वेल, तुळशी, शेवगा, रस्त्याकडेची झाडं, कुठून कुठून आणत होत्या देव जाणे. गावाकडे ताट भरलेलं होतं पण पदार्थ दोन-तीनच, पुण्यात थोडं थोडं पण पंधरा ठिकाणचं. याचा अर्थ काय ते मला एप्रिलमध्ये कळलं.

त्याआधी फेब्रुवारी. सकाळी साडेदहाला भावजींचा फोन आला, "वहिनी, माश्यांना काहीतरी झालंय, दारात खच पडलाय." हाफ डे टाकून दिवे घाटातून गावी पोचले तोवर दुपार झाली होती. दोन्ही पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा थर, आणि त्यात अजून जिवंत असलेल्या पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या, पंख थरथरत होते. मेलेल्यांची सोंड बाहेर आलेली. हे चित्र प्रशिक्षणात सांगितलेलं होतं, विषबाधेची खूण. काहींच्या पायांवर परागाच्या गोळ्या तशाच होत्या. मी तिथे बसून रडले. जाऊबाई पाणी घेऊन आल्या, त्याही गप्पच होत्या.

तशा वेळी काय करायचं ते लिहिते, कारण डोकं चालत नाही. मेलेल्या माश्या स्वच्छ पिशवीत गोळा करा, चांगल्या मूठ-दोन मुठी, आणि लगेच फ्रीजरमध्ये, उन्हात पडून राहिल्या तर औषधाचा अंश निघून जातो. फोटो आणि व्हिडिओ वेळेसकट. आजूबाजूला कोणत्या प्लॉटवर काय मारलं त्या बाटलीचा फोटो मिळाला तर उत्तम. पेटीत ताज्या परागाच्या चौकटी असतील तर काढून टाका. बाहेर मेलेल्या माश्या डोळ्यांना दिसतात पण विषारी पराग आत साठलेला राहतो, तोच अळ्यांना भरवला जातो आणि पंधरा दिवसांनी दुसरा फटका बसतो. साखरेचं पाणी आणि साधं पाणी जवळ ठेवा म्हणजे त्यांना दूर जायची गरज कमी पडेल.

नमुना मी पुण्यातल्या एका खासगी लॅबला दिला. कीटकनाशक अंशाची तपासणी स्वस्त नाही, सात हजारांच्या आसपास गेले आणि रिपोर्टला दोन आठवडे लागले. त्यात इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल दोन्ही सापडली. इमिडाक्लोप्रिड माशीच्या मज्जासंस्थेवर काम करतं, डोस कमी असेल तर ती मरत नाही पण घराचा रस्ता विसरते आणि बाहेरच संपते, म्हणजे दारातला खच हा नुकसानीचा एक भागच असतो. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो याच कारणाने.

रिपोर्ट घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, पण पिकाच्या नुकसानीचा फॉर्म आहे, जनावराचा आहे, माश्यांसाठी कुठलाच फॉर्म नाही असं सांगून साध्या कागदावर अर्ज लिहायला लावला. तो दिला, पोच घेतली, त्याला आजवर उत्तर नाही. तरी अर्ज द्या आणि पोच घ्याच, अशी नोंदच झाली नाही तर असा प्रकार होतो हे कुणाला कळणार कसं.

खरा उपयोग झाला तो तात्यांशी बोलण्याचा. फवारा त्यांनीच मारला होता, कांद्याच्या गोंड्यांवर, म्हणजे फुलांच्या गेंदांवर, फुलकिडे पडले म्हणून, सकाळी नऊला, तीन औषधं एका टाकीत मिसळून. भांडायला गेले असते तर बांधावरचं बोलणं कायमचं बंद झालं असतं, भावजींना तिथेच राहायचंय. मी आणि भावजी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गेलो. रिपोर्ट वगैरे नंतर काढला, आधी कांद्याच्या फुलाचं बोललो. कांद्याच्या फुलात पराग आधी तयार होतो आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे दुसऱ्या फुलावरून पराग आणून देणारं कुणीतरी लागतंच, नाहीतर गोंड्यात बी भरत नाही. तात्यांनी लगेच सांगितलं की दोन वर्षं झाली, गोंडे पोकळ राहताहेत, बियाणं कंपनीचा माणूस वजनावरून बोलतो. "आग्या यायची पूर्वी, आता दिसत नाय पोरी," असं म्हणाले. मग त्यांनी बाटल्या आणून दाखवल्या. एकीवर पिवळा त्रिकोण होता आणि एकीवर हिरवा, आणि हिरवा म्हणजे निर्धोक असं त्यांना दुकानात सांगितलं होतं. तो त्रिकोण माणसा-जनावरांच्या विषबाधेचा आहे. माशीसाठी त्याचा काही संबंध नाही. हे आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला वाटतं बहुतेक गावांत नसेल. तसंच काही बुरशीनाशकं एकटी माशीला फार त्रास देत नाहीत पण ठरावीक कीटकनाशकात मिसळली की त्याचं विष कितीतरी पट वाढतं, आणि मजुरी वाचवायला सगळी एकत्रच मारली जातात.

त्या संध्याकाळी जे ठरलं ते असं. फुलोऱ्यात शक्यतो फवारणी टाळायची, करायचीच तर सूर्य मावळल्यावर, एका वेळी एकच औषध, आणि आदल्या दिवशी भावजींना फोन. फोन आला की भावजी रात्री दाराला जाळी लावतात, पेटीवर ओलं पोतं टाकतात आणि सकाळी उशिरा उघडतात. दिवसभर बंद ठेवता येत नाही, आत गुदमरतात. तात्यांनी आणखी दोन शेजाऱ्यांना सांगितलं. एक जण तयार झाला, एक नाही झाला, त्यांची बाजूही समजते, पंप भाड्याचा असतो आणि मजूर सकाळीच मिळतो.

दोन पेट्यांपैकी एक सावरली. दुसरीत बाहेर जाणाऱ्या माश्याच उरल्या नव्हत्या, आतल्या कोवळ्या माश्यांना वेळेआधी बाहेर पडावं लागलं, अळ्यांना पुरेसं मिळेना. मार्चअखेर शेतं मोकळी झाली. ज्वारी गेली, कांद्याचं बी काढलं, डाळिंब सेट झालं आणि सगळीकडे ढेकळं. बांधावरची बाभळ-निंब आधीच तोडलेली, ओढ्याकाठी दोन करंज तेवढे. त्यात उघड्या रानात तारेवर वेडे राघू बसलेले असायचे, एकामागून एक माशी झेलत. एप्रिलमध्ये ती दुसरी पेटी उघडली तर आत पोळ्याचं मेण खाणाऱ्या मेणपतंगाच्या अळ्यांची जाळी आणि चार सुकलेल्या चौकटी. वसाहत निघून गेली होती.

आणि त्याच एप्रिलमध्ये पुण्यातल्या पेट्या भरून वाहत होत्या. करंज, जांभूळ, शिरीष, रेन ट्री, सिल्व्हर ओक, पाठोपाठ सोनमोहर, एक संपलं की दुसरं. रस्त्याकडेची ही सगळी झाडं कुणी माश्यांसाठी लावलेली नाहीत, पण पुण्याचा उन्हाळा त्यांच्यासाठी सुगीचा आहे. मध काढला तो करंजाचा गडद, थोडा कडसर. दोन पेट्यांचा मिळून पाचेक किलो आणि निम्मा त्यांच्यासाठी आत ठेवला. चौकटीवरची तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्याशिवाय काढू नका, नाहीतर पाणी जास्त राहून मध आंबतो. विकायचा असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, छोट्या धंद्याला वर्षाला शंभर रुपये, ऑनलाइन होते. मी विकला नाही, सोसायटीत वाटला, पहिली बाटली ज्या काकूंनी ट्यूबलाइटचं विचारलं होतं त्यांना.

मग शहर चांगलं असं म्हणायचं का? नाही, शहराचे त्रास वेगळे आहेत आणि ते हळूहळू दिसतात. पहिला उष्णता. दुपारी गच्चीची फरशी इतकी तापायची की माश्यांची अर्धी ताकद पाणी आणण्यात आणि दारात पंख हलवून वारा घालण्यात जायची. मेण मऊ होऊन एक पोळं चौकटीतून ओघळलं. शेडनेट, पेटीखाली थर्माकोल आणि झाकणावर ओलं पोतं हे मार्चपासूनच करा. दुसरा, पाणी. आपण ठेवलेलं पाणी त्या लगेच घेत नाहीत, त्यांना एसीच्या पाइपचं आणि वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी आवडतं आणि तिथून तक्रारी सुरू होतात. पसरट भांड्यात खडे आणि थोडं शेवाळ, जागा कायम तीच ठेवली, त्यानंतर महिनाभरात वळल्या.

तिसरा त्रास मला सगळ्यात वाईट वाटला. कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या कचऱ्याच्या डब्यात कागदी ग्लासांच्या तळाला उरलेल्या रसात चिकटून मेलेल्या माश्या. एका ग्लासात वाकून बघितलं तर तळाशी सात-आठ, पंख एकमेकींना चिकटलेले, वरची एक अजून पाय हलवत होती. तमिळनाडूतल्या संशोधकांनी टाकून दिलेल्या कागदी कपांमुळे मरणाऱ्या माश्यांवर अभ्यासच केलेला आहे. रसवंतीवाल्या दादांना झाकणाचा डबा नेऊन दिला, त्यांनी वापरलाही. आणि चौथा म्हणजे हवा. २०२० मध्ये बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांचा अभ्यास आला होता, शहरातल्या कमी-जास्त प्रदूषणाच्या भागांतून पकडलेल्या आग्या माश्यांवर. जास्त प्रदूषित भागांतल्या ८० टक्क्यांहून जास्त माश्या पकडल्यापासून चोवीस तासांत मेल्या, त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित होते, अंगावर धुळीचे कण होते आणि फुलांना भेटीही कमी. हे मला माझ्या पेटीत डोळ्यांनी दिसणार नाही, पण म्हणून ते घडत नाही असं मी समजत नाही. आमची गच्ची मुख्य रस्त्यापासून आत आहे, सिग्नलजवळ असती तर मी ठेवली नसती.

आणखी एक, मला सोसायटीतल्या दोघांनी विचारलं की आम्हीपण ठेवू का. मी त्यांना आधी झाडं मोजायला सांगितली. लंडनमध्ये शहरी पेट्यांची एवढी हौस पसरली की २०२० मध्ये तिथल्या क्यू या वनस्पती उद्यानाच्या अहवालात इशारा दिला, पेट्या जास्त आणि फुलं कमी झाली तर इतर रानमाश्या उपाशी राहतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात २०१५ चा एक अभ्यास आहे, त्यात शहरीकरण वाढेल तसा माश्यांवर रोगजंतूंचा भार वाढलेला दिसला. माश्या एकाच फुलावर, एकाच पाण्यावर येतात, रोग पसरायला तेवढं पुरतं. आमच्याकडेही फुलोरी आणि पोयाच्या माश्या आहेत, त्यांचाही वाटा आहे ना.

जूनमध्ये पाऊस लागला तशी पुण्यातली फुलं आटली. पावसाळ्यात दर आठवड्याला संध्याकाळी साखरेचं पाणी, एकास एक, कोमट करून. दिवसा ठेवलं तर शेजारच्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. रिकाम्या चौकटी काढून घेतल्या, कारण जेवढ्या चौकटी माश्या झाकू शकतात तेवढ्याच आत हव्यात, उरलेल्यांवर मेणपतंग येतो. धुरळणीचा फोन बहुतेक वेळा यायचा. एकदा नाही आला, संध्याकाळी सहाला मशीनचा आवाज ऐकून वर धावले आणि पोतं टाकलं, तरी सकाळी दारात काही मेलेल्या होत्याच. मग धुरळणीवाल्या माणसाचाच नंबर घेतला. हे सगळ्यात उपयोगी ठरलं. कमिटी विसरते, तो नाही विसरत.

गावाकडची उरलेली एक पेटी मी एप्रिलमध्येच रात्री गाडीत घालून पुण्याला आणली होती. लोक फुलोऱ्यासाठी पेट्या गावाकडे नेतात, मी उलटं केलं. आल्यावर पंधरा दिवसांत राणीने पुन्हा भरभरून अंडी घालायला सुरुवात केली, पाऊस तिथेच काढला. डिसेंबर २०२३ मध्ये ती पेटी आणि पुण्यात एका वसाहतीचे दोन भाग करून केलेली नवी, अशा दोन परत शेतात नेल्या. या वेळी नेण्याआधी भावजींबरोबर दीड किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक प्लॉटची यादी केली, कुणाचं काय पीक, फुलात कधी येणार, फवारणी कोण करतं, फोन नंबर. एक कागद झाला, तो भावजींच्या घरात कॅलेंडरमागे लावलेला आहे. जो शेजारी तयार झाला नव्हता त्याच्या प्लॉटपासून पेट्या लांबच्या टोकाला ठेवल्या. पेटी हलवताना हात-दोन हात तरी किंवा दोन-तीन किलोमीटरच्या पुढे तरी. मधलं अंतर असलं की माश्या जुन्या जागी जाऊन भिरभिरत बसतात.

या फेब्रुवारीत तात्यांचे तीन फोन आले फवारणीच्या आधी. दारात दहा-वीस मेलेल्या दिसल्या, खच पडला नाही. त्यांच्या गोंड्यांचं वजन काय आलं ते अजून कळायचंय, मळणी बाकी आहे. आमच्या डाळिंबाला मात्र फळ जास्त धरलंय असं भावजी म्हणतात, आणि तेच आता पेट्या वाढवायच्या मागे लागलेत.

त्यासाठी राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची मध केंद्र योजना आहे, निम्मं अनुदान आणि निम्मी आपली रक्कम, अर्ज जिल्हा कार्यालयात, मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. आधार, सातबारा, बँक पासबुक, फोटो जोडले, त्यांचा अर्ज मार्चमध्ये गेलाय. पुढे पेट्या बऱ्याच झाल्या की केंद्राच्या मधुक्रांती पोर्टलवर नोंदणी करायची आहे. माझा आत्तापर्यंतचा खर्च पेट्या, स्मोकर, बुरखा, हातमोजे, साखर, लॅब आणि गाडीभाडं धरून तीस हजारांच्या आतबाहेर. मध काढायचं यंत्र विकत घेऊ नका, दोन-चार पेट्यांना कुणाचंतरी मागून चालतं.

एप्रिल लागलाय, शेतातल्या दोन्ही पेट्या येत्या आठवड्यात परत पुण्याला आणायच्यात, गच्चीवर चारची परवानगी मागणारा अर्ज सेक्रेटरी काकांकडे दिलाय. ज्यांना या वर्षी सुरू करायचंय त्यांनी प्रशिक्षणाची चौकशी ऑगस्टच्या आधी करा आणि सोसायटीचा अर्ज त्याच वेळी टाका, म्हणजे पाऊस संपून वसाहती मिळायला लागतील तेव्हा ठराव हातात असेल. सिंहगड रोड, धायरी, वडगाव भागात कुणाला आधी पेटी उघडून बघायची असेल तर रविवारी सकाळी या, बुरखा जास्तीचा आहे माझ्याकडे.